मुलाखतीपुरता कोट

मी एक जुना, करडा कोट आहे. सरकारी रोजगार केंद्राच्या लोखंडी कपाटात माझा मुक्काम असतो.

मला एका बड्या साहेबांसाठी शिवले होते. साहेबांना बढती मिळाली, तशी त्यांच्या पोटालाही मिळाली आणि माझी बटणे लागेनात. मग त्यांनी मला केंद्राला देऊन टाकले. मित्रांनो, इथली योजना चांगली आहे. गरजू मुलामुलींना काम शिकवायचे, मुलाखतीला पाठवायचे, आणि ज्यांच्याकडे धड कपडे नाहीत त्यांना मुलाखतीपुरता मी द्यायचा. एकदा मी इतक्या किडकिडीत मुलाच्या अंगावर होतो, की समोरच्यांना तो दिसलाच नाही. त्यांनी नोकरी मलाच देऊ केली. मी नम्रपणे नाही म्हणालो. पगार ठेवायला खिसा धड नव्हता. खोटे वाटत असेल तर माझ्या हँगरला विचारा.

काडीची गोष्ट सांगताना मात्र मला थट्टा सुचत नाही.

काडी ही केंद्रात पंपदुरुस्ती शिकलेली मुलगी. तिला मागेपुढे कोणी नव्हते. केंद्राचे वसतिगृह हेच तिचे घर, आणि मुदत संपली की तेही सोडावे लागे. तिची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. काम मिळाले नाही तर पाठ टेकायला जागा नव्हती.

मुलाखतीच्या सकाळी केंद्रात नावे नोंदवणाऱ्या नोंदणीबाईंनी मला तिच्या खांद्यांवर चढवले.

"हे बघ काडे, कोट एकच आहे. उद्या दुसऱ्याला द्यायचाय. डाग पाडलास तर याद राख."

"नाही पडणार, मावशी."

"आणि अंगावरून काढू नकोस. मागचा शहाणा बाकावर विसरून आला होता."

काढायची तिची इच्छाही नव्हती. आत सदऱ्याच्या पाठीवर भलेमोठे ठिगळ होते.

मुलाखत एका उंच इमारतीच्या तळघरात होती. तिथले पंप सांभाळणाऱ्या मिस्त्रींनी चार प्रश्न विचारले, तिने नीट उत्तरे दिली. मग ते म्हणाले, "आता करून दाखव. पंप फिरतोय, पाणी चढत नाही."

काडीने कान देऊन ऐकले आणि पंप बंद केला. टाकीच्या तळाशी नळीच्या तोंडावरची जाळी तुंबली होती. पाणी शेवाळलेले, वर तेलाचा तवंग. हात खांद्यापर्यंत घालावा लागणार होता. तिने माझी बाही कोपरापर्यंत दुमडली, बोटे बुडवली आणि मागे घेतली.

"अगं, पंप आहे तो, सासरा नव्हे. लाजतेस काय?" मिस्त्री म्हणाले.

दारातला भांडारवाला हसला. "केंद्रात कोट घालायलाच शिकवत असतील."

"वरच्या मजल्यांवर लोक खोळंबलेत. जमत नसेल तर सांग, माझ्या माणसाला बोलावतो," मिस्त्री म्हणाले.

तिचे काळीज माझ्या अस्तरावर धडधडत होते. मला ओरडावेसे वाटले, 'पोरी, काढ मला.' पण कोटाचे कोण ऐकतो? ती गुडघ्यांवर बसली. माझे टोक तिच्या गुडघ्याखाली अडकले, आणि तिने हात लांबवला, तशी मी आपणहून पाठीची शिवण सोडली. नोंदणीबाई म्हणतात, धागा कुजला होता. म्हणोत.

टर्रकन आवाज झाला. ठिगळ उघडे पडले. भांडारवाला हसता हसता थांबला. काडीने मला काढून खुंटीला अडकवले, पालथी पडली आणि कान पाण्याला टेकेपर्यंत हात आत घातला.

चिखलाचा गोळा बाहेर आला. तिने पंपात पाणी भरून हवा काढली, बटण दाबले. पंप घरघरला. काहीच झाले नाही. मिस्त्रींनी दाराकडे पाहिले. काडीने वरच्या नळीवर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. मग नळी थरथरली, आणि पाणी चढू लागले.

मिस्त्री ठिगळाकडे न बघता म्हणाले, "उद्या येताना जुनेच कपडे घाल."

केंद्रात नोंदणीबाईंनी मला उलटेपालटे करून पाहिले.

"फाडलास?"

"हो मावशी."

"आणि काम?"

"उद्यापासून."

बाईंनी खणातून सुई काढली. "मग रडतेस कशाला? धर बाही."

मित्रांनो, तुमच्या कपाटातही तुम्हाला न होणारा एखादा कपडा पडून असेल. त्याची बटणे लावा, इस्त्री करा आणि गरजवंताला द्या. मात्र देताना सांगा, की बाबा, काम आधी, कपडा नंतर. आम्ही कपडे फाटलो तरी पुन्हा शिवता येतो.