मंगळवारी दुपारी वाजणारा फोन

मित्रांनो, माझ्या तोंडावर दहा भोकांची चकती आहे आणि पोटात खणखणीत घंटा आहे. मी जुना, काळा, वजनदार टेलिफोन. आता मी डोंबिवलीतल्या एका घराच्या माळ्यावर असतो. पण मी साधेसुधे काम केलेले नाही, हे तुम्हाला अभिमानाने सांगतो.

कारखान्यात माझे भाग जोडले गेले आणि १९८९ साली लाइनमन काळुराम मला या घरी घेऊन आला. नंबर लावून घरच्यांनी कित्येक वर्षे वाट पाहिली होती. शेजारपाजारचे लोक मला बघायला आले. घरातले निवृत्त हेडक्लार्क अण्णा यांनी माझ्या चकतीला इवलेसे कुलूप लावले आणि किल्ली जानव्याला बांधली. त्यांची सून नीला रोज मला पुसायची. नीलाचा नवरा विश्राम मानपाड्याच्या एका कारखान्यात केमिस्ट होता.

त्यांची लेक मालू नऊ वर्षांची झाली आणि नीलाचे बाहेर जाणे बंद झाले. आधी बाजार सुटला, मग जिनासुद्धा. ती चप्पल घालायची, कडीला हात लावायची, घामाघूम होऊन परत यायची. डॉक्टरांना तपासण्यांत काही सापडले नाही. मग एका सकाळी मालूनेही दप्तर खाली ठेवले. ‘‘आई, मी शाळेत गेले आणि तुला काही झालं तर?’’

त्याच दिवशी विश्रामने अण्णांकडून किल्ली घेऊन ठाण्याच्या सुहासिनीबाईंना फोन लावला. त्या मनाच्या दुखण्यांवर उपचार करत. ‘‘मॅडम, ती जिनाच उतरत नाही. ठाण्याला कशी आणू?’’

‘‘मग फोनवरच बोलू. दर मंगळवारी दुपारी मी फोन करीन. त्या वेळी खोलीत दुसरं कोणी नको.’’

अण्णा भडकले. ‘‘घरातलं परक्या बाईला सांगायचं, तेही तारेवरून?’’ पण मालूचे दप्तर कोपऱ्यात पडून होते. त्याकडे बघून अण्णांनी विरोध सोडला.

सुरुवातीला नीला फारसे बोलतच नसे. ‘‘मी काय करू ते सांगा ना,’’ एवढेच म्हणायची. सुहासिनीबाई उपाय सांगत नसत. तिला जे सुचेल ते बोलू देत. एका मंगळवारी मी वाजत राहिलो आणि नीलाने मला उचललेच नाही. पुढच्या वेळी तिने विचारले, ‘‘रागावलात ना?’’

‘‘मी रागावेन असं का वाटलं?’’

‘‘मी जागेवर नसले की वाईट होतं. नेहमीच.’’

‘‘आधी कधी झालं होतं?’’

 मग नीला कल्याणच्या माहेराविषयी बोलू लागली. आई आजारी होती. ‘माझ्याजवळ बस,’ म्हणाली होती. मैत्रिणीने हाक मारली म्हणून नीला सागरगोटे खेळायला गेली. परत आली तेव्हा आई गेली होती. आत्या म्हणाली, ‘तू बसली असतीस तर!’

‘‘तेव्हा तू किती वर्षांची होतीस?’’

‘‘नऊ.’’  ‘‘आमच्या मालूएवढी.’’

ती खूप रडली. त्या दिवशी तिचे दुखणे पळाले नाही, पण त्याला नाव मिळाले. हळूहळू ती दारापर्यंत, मग जिन्यापर्यंत जाऊ लागली.

पुढे सुहासिनीबाई घरातल्या प्रत्येकाशी बोलल्या. अण्णांनी मला नाइलाजाने कानाला लावले. ‘‘मी काही वेडा नाही!’’

‘‘नाहीच. पण नीला बाहेर जाते तेव्हा तुम्हाला काय वाटतं?’’

‘‘मी तिला बजावतो, चक्कर येईल, जाऊ नकोस.’’ अण्णा अडखळले. ‘‘खरं सांगू? आमची ही गेल्यापासून मला रिकाम्या घरात बसवत नाही. सून घरात असली की बरं वाटतं.’’

नीला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने ते ऐकले. अण्णांनी रिसीव्हर ठेवला आणि जानव्याची किल्ली सोडून माझे कुलूप काढले. ‘‘उद्या मालूला शाळेत तूच सोड, नीला. वाटलं तर बूथवरून फोन कर. मी आहे इथे.’’

दुसऱ्या दिवशी अण्णा माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसले. मी वाजलो तसा त्यांनी झडप घातली.

‘‘अण्णा, मालू वर्गात गेली. मी नाक्यावर आहे. एकटीच.’’

‘‘असू दे,’’ अण्णा म्हणाले. ‘‘सावकाश ये. भाजी बघून ये. मला काही घाई नाही.’’

मित्रांनो, नंतर बटणांचा फोन आला आणि मी माळ्यावर गेलो. आता म्हणे लोक दूरच्या डॉक्टरांशी पडद्यावर बोलून मन बरे करतात. मला त्याचे नवल वाटत नाही. आवाज पोहोचला की माणूस पोहोचतो, हे मी अनुभवले आहे.

तुमच्या घरात कोणी गप्प झाले, घाबरू लागले, तर त्याला हसू नका आणि वेडेही म्हणू नका. जाणत्या माणसाची मदत घ्या. आणि घरचे ते माणूस बोलायला लागले, की मध्ये काही सुचवू नका. त्याचे वाक्य पुरे होऊ द्या.