शेंडीवाल्याची बुडी

बदकाने बुडी मारली आणि काकांनी श्वास कोंडला. ही त्यांची जुनी खोड. तळ्यावर जीवरक्षक म्हणून हयात गेली. कोणी पाण्याखाली गेलं की हे काठावर श्वास धरणार, आणि आपला संपला की उडी टाकणार. पण आता वय झालं, त्यात दमा मागे लागला. श्वास लवकर संपायचा आणि काका उगाचच उड्या टाकायचे. परवा त्यांनी एका धडधाकट माणसाला केस धरून बाहेर काढलं. तो काय बोलला, ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

बदक भलतीकडेच वर आलं. पाळीव बदकाच्या निम्मं असेल नसेल. काळं कुळकुळीत, कुशी पांढऱ्याशुभ्र, डोळा पिवळाधमक आणि डोक्यामागे लोंबती शेंडी. थंडी पडली की दरवर्षी हजर. पाय पार मागे, त्यामुळे काठावर त्याची नुसती फजिती. पाण्यात मात्र राजा! अंग आवळायचं, टुणकन उसळायचं आणि गडप. तळाच्या गोगलगायी तिथेच गिळून मनाला येईल तिथे वर. ते बुडालं त्याच जागी काका डोळे लावून बसत आणि दर वेळी फसत.

आज त्यांच्या लेकीची परीक्षा होती. पास झाली तर काकांची जागा तिला. तळाशी टाकलेलं वजन एका दमात वर आणायचं, आणि मध्ये कोणी हात लावला की बाद. पोरगी पाण्यात पटाईत. धोका होता तो बापाचाच. सरावात दोनदा त्यांनी तिला ओढून काढलं होतं. तिची आई गेल्यावर उरलेलं हे एकच माणूस, त्यांना राहवायचं नाही.

"बाबा, तुम्ही आज घरीच थांबा," ती सकाळी म्हणाली होती.

काकांना ते फार लागलं. तरी ते आले, फक्त मागे बाकावर बसले.

लेक पाण्यात शिरली. काकांनी श्वास कोंडला. पाणी मिटलं, तरंगही विरले. छाती भरून आली, कानशिलं ठणकू लागली. परीक्षक निवांत उभे होते. काकांचा श्वास संपला. ते उठले, एका पायातली चप्पल निघालीसुद्धा.

समोर शेंडीवाला पुन्हा गडप झाला.

काका थबकले. आयुष्यात पहिल्यांदाच, कोणी पाण्याखाली असताना त्यांनी दुसरा श्वास घेतला. चोरी केल्यासारखं वाटलं त्यांना. मग बुडाल्या जागेवरची नजर त्यांनी मोठ्या कष्टाने उचलली आणि सगळ्या तळ्यावरून फिरवली.

तळ उताराचा होता. वजन घरंगळलं होतं, आणि लेक त्याच्यामागे गेली होती. पार पलीकडे, लव्हाळ्यापाशी, ती वर आली. केस डोक्यामागे चिकटलेले, हातात वजन.

"बाबा, इकडे!" ती ओरडली.

काका तिकडेच बघत होते. मग त्यांनी वाकून चप्पल शोधली आणि पायात घातली.