पार्किंगला छप्पर

पार्किंगमध्ये घरचं काढायचं नाही, एवढा एकच नियम आमच्यात होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, म्हणून पाळला जायचा.

घरचं म्हणजे घटस्फोट, डॉक्टर, मुलं काय करतात आणि काय करत नाहीत, असलं सगळं. मॅचच्या दिवशी दुपारीच यायचं, वाकड्या दिव्याच्या खांबाजवळ गाड्या लावायच्या, डिकी उघडायची, शेगडी मांडायची आणि बोलायचं ते फक्त ब्लूफिशबद्दल. ब्लूफिश ही आमच्या काउंटीची हॉकीची टीम. हॉकी अर्थात बर्फावरची, चेंडूऐवजी चकतीची, दुसरी कुठली असते ते मला माहीत नाही. शेजारच्या शहराकडे इतक्या टीम आहेत की एक हरली तर तिथला माणूस दुसरीकडे तोंड फिरवतो. आमच्याकडे समुद्रकिनारा आहे, शहराकडे जाणारा तुंबलेला महामार्ग आहे आणि ब्लूफिश आहे. पहिल्या दोन गोष्टी शहरातले लोकही वापरतात. ब्लूफिशला मात्र कुणी हात लावत नाही.

कप आम्ही एकदाच जिंकलो होतो. त्या आनंदात कुणीतरी गाडी मागे घेताना तो खांब वाकवला. काउंटीने तो कधीच सरळ केला नाही. काहींच्या मते स्मारक म्हणून. मी काउंटीला ओळखतो.

खांबाशी आम्ही चौघं असायचो. कार्मेलो व्हिट्रानो, म्हणजे मेलो, याच्या हातात चिमटा. त्याचा धाकटा भाऊ आल्डो कांदा आणि ढोबळी मिरची चिरणार. नोरीन हेगर्टी बटाट्याचं सॅलड आणणार. ते आणू नकोस असं तिला सांगायची हिंमत तिच्या नवऱ्यातही नव्हती, आणि आता तोही नव्हता. माझ्याकडे कोळसा.

मेलो आणि आल्डो पार्किंगबाहेर एकमेकांशी बोलत नसत. आईने मरताना घर मेलोच्या नावावर केलं. मेलो तिच्याजवळ राहिला, तिचं सगळं केलं, असं मेलोचं म्हणणं. तो राहिला कारण त्याला फुकट राहायला मिळत होतं, असं आल्डोचं. दोघांचंही खरं होतं, त्यामुळे भांडण मिटायला जागाच नव्हती. नाताळला एकत्र नाहीत, भाचीच्या लग्नात दोघं दोन टोकांच्या टेबलांवर, फोन वाजला तर उचलायचा नाही.

पण ऑक्टोबरात मोसम सुरू झाला की आल्डोची गाडी वाकड्या खांबाशी येऊन थांबायची. तो कांद्याची पिशवी काढायचा आणि जणू कालच भेटल्यासारखा विचारायचा, "गोलकीपर तोच का?"

"तोच," मेलो म्हणायचा. "चकती दिसते त्याला. जरा उशिरा दिसते."

एवढ्यावर दोघांचं सुरू व्हायचं ते मोसम संपेपर्यंत. उन्हाळाभर एकमेकांच्या जगात नसलेले दोन म्हातारे हातभर अंतरावर उभे राहून एकाच सॉसेजवरून वाद घालायचे. आल्डोच्या मते ते कच्चं असायचं. मेलोच्या मते आल्डोला जन्मात कधी वेळेवर काही कळलं नव्हतं. आम्ही मान खाली घालून खायचो.

मग ती मार्चमधली शेवटची मॅच. समुद्रावरून असा वारा येत होता की नोरीनच्या सॅलडचं झाकण उडून तीन गाड्या पलीकडे गेलं. सॅलड राहिलं. आमचं नशीबच तसं.

"पुढच्या मोसमात मला धरू नका," आल्डो म्हणाला.

"का? गोलकीपर बदलतायत की," मेलो म्हणाला.

"गुडघे बदलत नाहीत ना. जन्मभर लोकांच्या घरांवर छपरं घातली मी. आणि आता या वयात उघड्यावर उभा राहतोय. इथून गेलो की तीन दिवस जिना चढता येत नाही मला."

"खुर्ची आणतो तुला."

"खुर्चीत वारा लागत नाही वाटतं."

"आल्डो, घरचं काढतोयस," नोरीन म्हणाली.

"गुडघे घरचे कसे?"

"मग काय टीमचे आहेत?"

आल्डो हसला. मेलो हसला नाही. त्याने सगळ्यात खरपूस सॉसेज पावात घातलं, त्यावर कांदा जरा जास्तच रचला आणि भावापुढे धरलं. आल्डोने ते घेतलं, एक घास खाल्ला आणि म्हणाला, "कच्चं आहे."

त्याच उन्हाळ्यात टीमचे मालक, लॉईड बेनब्रिज, यांना आमचं स्टेडियम आवडेनासं झालं. ते कुणालाच आवडत नव्हतं, पण आमच्याकडे दुसरं नव्हतं आणि त्यांच्याकडे होतं. वाळवंटातलं एक शहर त्यांना नवंकोरं बांधून द्यायला तयार होतं. तिथे नैसर्गिक बर्फ कुणी पाहिला नव्हता, त्यामुळे उत्साह दांडगा होता. काउंटीने नवं स्टेडियम आणि त्याभोवतालचा विकास मतदानाने मंजूर केला तर आपण राहू, असं बेनब्रिजसाहेबांनी भरल्या गळ्याने जाहीर केलं.

क्लबला प्रचारासाठी एक साधा माणूस हवा होता. त्यांनी मेलोला गाठलं. ब्लूफिशची जुनी जर्सी, हातात चिमटा, मागे धूर, आणि खाली मजकूर: 'आमचं घर वाचवा.' ते पोस्टर प्रत्येक दुकानात लागलं. मेलो पाव आणायला गेला तरी लोक त्याच्याशी हात मिळवायचे. आयुष्यभर नळजोडणी केलेल्या माणसाला हे फार होतं. तो केस विंचरून घराबाहेर पडायला लागला.

जुलैमध्ये शाळेच्या व्यायामशाळेत जाहीर सुनावणी झाली. बाहेर समुद्रावर जायचा दिवस, आत घामाचा वास आणि मध्ये टेबलावर नव्या स्टेडियमची छोटी प्रतिकृती. तिच्यात टाचणीएवढी झाडं होती आणि त्या झाडांखाली टाचणीएवढी सुखी माणसं फिरत होती. आल्डो आलेला नव्हता. मोसम नव्हता, आणि व्यायामशाळा म्हणजे काही पार्किंग नव्हे.

मेलोचं भाषण क्लबने लिहून दिलं होतं. ते त्याने नीट वाचलं. टाळ्या झाल्या. मग कागद घडी करून खिशात ठेवला आणि तो तसाच उभा राहिला.

"अजून एक," तो म्हणाला. "आम्ही म्हातारे झालो आहोत. त्या पार्किंगमध्ये समुद्राचा वारा हाडात शिरतो. काही माणसं त्यापायी यायची थांबतील. तुम्ही एवढं सगळं बांधताय, तर पार्किंगला छप्पर घाला."

मग सगळी व्यायामशाळा उभी राहिली. मीही उभा राहिलो. टाळ्या वाजवून माझे तळहात लाल झाले. 'छप्पर, छप्पर' असा घोष सुरू झाला. बेनब्रिजसाहेबांनी शेजारच्या वकिलाच्या कानात काहीतरी विचारलं. वकिलाने मान डोलावली. साहेब माइकपाशी आले.

"मिस्टर व्हिट्रानो," ते म्हणाले, "तुम्हाला छप्पर मिळेल. माझा शब्द."

"हा एवढा खूश का झाला?" नोरीनने मला विचारलं.

"लोकांचं ऐकलं म्हणून."

"मग तर नक्कीच काहीतरी गडबड आहे," ती म्हणाली, पण टाळ्यांत ते कुणाला ऐकू गेलं नाही.

मतदान आम्ही जिंकलो. थोडक्यात जिंकलो, पण ब्लूफिशच्या माणसाला थोडक्यात जिंकणंसुद्धा नवीन असतं. छप्पर असलेलं पार्किंग मजल्यांवर मजले चढवून उभं राहिलं, त्यामुळे आमचं ते मैलभर डांबर दुकानांना आणि महागड्या फ्लॅटना मोकळं झालं. छप्पर मागितलं कुणी, तर आम्ही. साहेबांना स्वतः मागायचीही गरज पडली नाही.

बांधकाम चालू असताना टीम दोन मोसम शहरात भाड्याने खेळली. तिथे स्टेशनातून थेट आत जायचं असतं, शेगडीला जागा नसते. त्या दोन मोसमांत भाऊ एकदाही भेटले नाहीत. मेलो महामार्गावरून जाताना गाडी हळू करून नवे खांब बघायचा. मला म्हणायचा, "छत आज पूर्ण झालं तिकडचं. आता वारा लागणार नाही त्याला."

"सांगितलंस का त्याला?"

"आल्यावर बघेल की."

उद्घाटनाच्या मॅचचं तिकीट त्याने नोरीनच्या हाती आल्डोला पाठवलं. आल्डो येतो म्हणाला.

दुपारी आम्ही नव्या पार्किंगच्या दुसऱ्या मजल्यावर जमलो. खरंच, वाऱ्याची झुळूक नव्हती. आल्डो काठी टेकत आला, डिकीतून कांद्याची पिशवी काढली, वर छताकडे बघितलं. धंद्यातली नजर, सगळे सांधे तपासले.

"गोलकीपर तोच का?" त्याने विचारलं.

मेलोचा चेहरा असा उजळला की मी कोळशाच्या पिशवीत तोंड घातलं. "नवा आहे," तो म्हणाला. "याला चकती दिसतच नाही."

मी काडी ओढली. निखारे धरत होते तेवढ्यात पहारेकरी आला. माणूस सभ्य होता.

"शेगडी विझवावी लागेल साहेब. छपराखाली आग चालत नाही."

"चूक होतेय तुमची," मेलो म्हणाला. "हे छप्पर शेगड्यांसाठीच घातलंय. मी मागितलं होतं."

"मला माहीत नाही साहेब. आगीबाबतचा नियम आहे, काउंटीचा आहे. वर चाहत्यांचा कक्ष आहे, तिथे सॉसेज मिळतं." तो मेलोकडे जरा निरखून बघत राहिला. "तुम्ही ओळखीचे वाटता."

वाटणारच. त्याच्या पाठीमागच्या खांबावर मेलोचं पोस्टर पुरुषभर उंचीचं करून लावलं होतं. चिमटा, जर्सी, धूर, सगळं. मजकूर बदलला होता: 'घरी स्वागत.' आणि त्याच्या चिमट्याच्या बरोबर खाली पिवळी पाटी होती, ज्वाळेवर लाल फुली मारलेली.

मी निखाऱ्यांवर पाणी ओतलं. कोंदलेल्या जागेत वाफ आणि राख अशी भरली की नोरीन खोकत गाडीत जाऊन बसली. शेगडी नाही म्हटल्यावर मेलोचा चिमटा हातात तसाच राहिला. आल्डोचे कांदे चिरायचे राहिले. दोघं समोरासमोर उभे होते आणि मध्ये काहीच नव्हतं.

"छपराखाली कोळसा चालत नाही," आल्डो म्हणाला. "कुठेच चालत नाही. मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

"विचारणार कसं? फोन उचलतोस कुठे तू?"

"फोन कशाला, माझं घर माहीत नाही का तुला? चिमटा घेऊन गावभर फिरलास. माझ्या दारात यायला काय झालं होतं?"

"तू आलास माझ्या दारात?"

"तुझ्या?" आल्डो म्हणाला. "तुझ्या दारात?"

मी म्हणालो, "घरचं काढायचं नाही." पण तो नियम वाकड्या खांबाखालचा होता, आणि खांब कधीच भंगारात गेला होता. इथे तो लागू होत नव्हता हे दोघांनाही माझ्याआधी कळलं.

"त्या घराचं छप्पर मी घातलंय," आल्डो म्हणाला. "या हातांनी. आई खाली उभी राहून शिडी धरायची. आणि त्याखाली राहतोस तू."

"शेवटी तिला उचलून बाथरूमला कोण नेत होतं? तू वर छपरावर होतास का तेव्हा?"

"मला बोलावलं होतंस का?"

"आईने हाक मारली होती. तुला. मला नाही. रोज रात्री तुझं नाव घ्यायची ती, आणि मी म्हणायचो, येईल, मॅच संपली की येईल."

हे आल्डोला माहीत नव्हतं. आम्हालाही नव्हतं. इतकी वर्षं सॉसेज उलटताना मेलोने ते तोंडातून काढलं नव्हतं, आणि आता चिमटा रिकामा होता तर ते निघालं.

आल्डोने कांद्याची पिशवी परत डिकीत ठेवली. काठी पुढच्या सीटवर आडवी टाकली. तिकीट माझ्या हातात दिलं, मेलोच्या नाही, आणि गाडी काढली. गोल फिरत फिरत खाली जाणारा तो उतार आहे. दिवे बराच वेळ दिसत राहिले. मेलो कठड्यापाशी उभा राहून बघत होता. मी त्याला आत चल म्हणालो. आत ब्लूफिश पहिल्याच भागात तीन गोलने मागे होती, म्हणजे सगळं पूर्ववत होतं.

त्यानंतर आल्डो आला नाही. टीव्हीवर बघतो, असं नोरीन सांगते. तिथे गोलकीपर जास्त जवळून दिसतो म्हणे. तिचं बटाट्याचं सॅलडही बंद झालं, आणि मला स्वप्नातही वाटलं नव्हतं की त्याची आठवण येईल.

मेलो मात्र प्रत्येक मॅचला दुपारीच येतो. दुसऱ्या मजल्यावर त्या पोस्टरसमोर गाडी लावतो आणि शेजारची जागा अडवायला आपली घडीची खुर्ची मध्ये ठेवतो. पहारेकरी सुरुवातीला ती उचलायचा. आता उचलत नाही. मेलो डिकीच्या कडेवर बसून राहतो. चिमटा डिकीतच असतो.

गेल्या महिन्यात क्लबचा कुणी मुलगा कॅमेरा घेऊन आला होता. जुन्या चाहत्यांची मतं गोळा करत होता. त्याने विचारलं, नवीन जागा कशी वाटते.

मेलोने वर बघितलं. बाहेर पाऊस आडवा लागला होता.

"छप्पर उत्तम आहे," तो म्हणाला. "एक थेंब गळत नाही."