चहा आज मागच्या आवारात

सायरन वाजला की बर्फ कारखान्यातली माणसं घाबरायची नाहीत, खूश व्हायची. हातातला लाद्या ओढायचा आकडा भिंतीला टेकवायचा, रबरी बूट काढून चपला शोधायच्या आणि गप्पा मारत, एकमेकांना ढोसत गेटकडे निघायचं. कारण गेटपाशी चहा असायचा.

ही सवय त्यांना लावली होती खुद्द सेफ्टीवालीने. तिच्या गळ्यात कायम शिट्टी, म्हणून तिचं नावच शिट्टी पडलं होतं. तोंडावर शिट्टी मॅडम, पाठीमागे नुसतीच शिट्टी. ती कामाला लागली तेव्हा तिच्या पहिल्या मॉक ड्रिलला कुत्रंसुद्धा बाहेर आलं नव्हतं. लाद्या ओढणारे म्हणाले, आम्हाला कामं आहेत. पॅकिंगच्या बायका म्हणाल्या, अमोनियाचा वास तर रोजचाच, त्याला काय पळायचं? मग शिट्टीने डोकं लढवलं. ड्रिल संपलं की गेटपाशी गरमागरम चहा. पुढच्या ड्रिलला अख्खा कारखाना बाहेर. त्या दिवशी शिट्टी गाणं गुणगुणत घरी गेली होती.

एकच माणूस मात्र ड्रिलच्या दिवशी तोंड पाडून बसायचा. फोरमन. आणि फोरमन म्हणजे शिट्टीचा सख्खा मोठा भाऊ.

"गेटच्या आत मी तुझा दादा नाही," त्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "नाहीतर लोक म्हणतील, बहिणीला चिकटवली."

शिट्टीने हे इतकं मनावर घेतलं की विचारू नका. आत तो 'फोरमन साहेब' आणि ती 'मॅडम'. एकदा त्याच्या पायावर बर्फाची लादी घसरली, अंगठा टम्म सुजला, तरी ही म्हणाली, "साहेब, पाय बघू." वहिनीला हे कळलं तेव्हा तिची हसून हसून पुरेवाट झाली. "साहेब म्हणे. काल याच साहेबाच्या हातातून रिमोट ओढत होतीस की."

पण या वेळचं भांडण रिमोटचं नव्हतं, कॉम्प्रेसरचं होतं.

आजवर प्रत्येक ड्रिल मशीन चालू ठेवूनच व्हायचं. दादाचं म्हणणं, जुनं धूड आहे, एकदा थांबवलं की परत सुरू करताना कटकट करतं. शिट्टीचं म्हणणं, खरंच गॅस सुटला तर पहिलं काम मशीन बंद करण्याचं. मग त्याचाच सराव करायचा नाही, तर ड्रिल म्हणजे काय चहापानाचा कार्यक्रम?

"तो तर तूच केलास," दादा म्हणाला होता.

हे तिला चांगलंच झोंबलं. मग दोन-तीन दिवस घरात अबोला. "तुझ्या साहेबांना विचार, आमटी हवी का," शिट्टी वहिनीला सांगायची. "तुझ्या नणंदेला सांग, हात आहेत मला," दादा म्हणायचा. शेवटी वहिनीच वैतागली आणि दादा नमला. "ठीक आहे, करू मशीन बंद. पण काही झालं तर ते तुझ्या माथी."

म्हणून आज शिट्टीचे कान मशीनकडेच होते. सायरन वाजला, इंजिनकाकांनी मशीन बंद केलं आणि कारखान्याची रोजची घरघर थांबली. इतकी वर्षं त्या आवाजात राहिलेली माणसं क्षणभर बावरली, मग पायात चपला सरकवून चालू लागली. इंजिनकाका म्हणजे मशीनच्या खोलीतले सगळ्यात जुने ऑपरेटर. आजवर चालू मशीनपाशी थांबावं लागायचं, त्यामुळे पहिल्यांदाच ते ड्रिलसाठी खोलीबाहेर आले होते आणि लग्नाला आल्यासारखे इकडेतिकडे बघत होते.

शिट्टीने सवयीने छपरावर नजर टाकली. तिथे वाऱ्याची दिशा दाखवणारी नारिंगी कापडी नळी होती. सगळे तिला बाही म्हणायचे, कारण ती दिसायचीच एखाद्या फाटक्या शर्टाच्या बाहीसारखी. रोज ती बाही मागच्या आवाराकडे फुगलेली असायची. आज ती गेटकडे फुगली होती.

म्हणजे आज गॅस सुटला तर गेटकडे येईल. म्हणजे आज लोकांना मागच्या आवारात न्यायला हवं. हे शिट्टीला कळलं नाही असं नाही. तिनेच तर सगळ्यांना शिकवलं होतं, वारा जिकडून येतो तिकडे जमायचं. पण चहावाल्या मावशींनी गेटपाशी टेबल मांडलं होतं, कप लावून झाले होते, माणसं पोहोचलीसुद्धा होती. आता सगळा पसारा कोण उचलणार? जाऊ दे, तिने स्वतःला सांगितलं. ड्रिलच तर आहे.

आणि ड्रिल झकास झालं. कोणी रेंगाळलं नाही, हजेरीत कोणी कमी भरलं नाही. दादा हातात कप घेऊन तिच्या शेजारी येऊन उभा राहिला, घसा खाकरून म्हणाला, "बरं झालं ड्रिल, मॅडम."

एवढंच. पण शिट्टीला वाटलं, आपण दोन बोटं उंच झालो.

"काका, जा, करा सुरू," दादाने सांगितलं, आणि इंजिनकाका कप ठेवून मशीनच्या खोलीकडे गेले. खोली अगदी समोर होती, आवाराच्या मधोमध. घरघर पुन्हा सुरू झाली. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मावशी किटली तिरकी करून उरलासुरला चहा कोणाकोणाला देत होत्या.

मग त्या घरघरीत दुसराच एक आवाज मिसळला. कुकरची शिटी व्हायच्या आधी वाफ जशी फुरफुरते, तसा. शिट्टीने कान टवकारले. फुरफुर मोठी झाली, आणि सायरन आपोआप वाजायला लागला.

कोणी हललं नाही.

हलणार तरी कशाला? सायरन वाजला की गेटपाशी यायचं, आणि ते तर गेटपाशीच होते. पॅकिंगमधली भिंगरी, जिला एका जागी उभं राहणं माहीतच नव्हतं, ती आज मात्र निवांत फुंकर मारत चहा पीत होती. "मॅडम, झालं की तुमचं ड्रिल. आता काय घरी जाऊ?"

"गॅस आहे," शिट्टी ओरडली. "खरा गॅस आहे, चला इथून."

एक-दोघं हसले. मघाशीसुद्धा ती हेच ओरडली होती, याच शब्दांत, याच आवाजात. "आज मॅडमनी सूर छान लावलाय," मागून कोणीतरी म्हणालं.

मशीनच्या खोलीच्या झरोक्यांतून पांढरं काहीतरी बाहेर आलं आणि जमिनीलगत पसरत पुढे सरकायला लागलं. दुसरीकडे कुठे असतं तर ते बघून माणसांनी धूम ठोकली असती. पण बर्फाच्या कारखान्यात दार उघडलं की पांढरी वाफ येतेच. इथल्या माणसांनी ती रोज अंगावर घेतलेली. आणि नाकात शिरलेला वास? तोही रोजचाच, जरासा जास्त इतकंच.

शिट्टीने शिट्टी फुंकली. लोकांनी हसत कानांवर हात ठेवले.

तिने चारी दिशांना नजर फिरवली. गेटबाहेर लांबलचक अरुंद गल्ली होती, दोन्ही बाजूंना उंच भिंती आणि वारा नेमका त्याच दिशेने. तिकडे पळाले तर गॅस मागोमाग येणार. इथेच उभे राहिले तर इथेच गाठणार. सुटका मागच्या आवारात, आणि तिकडे जायची वाट कुंपणाच्या भिंतीलगतची, जिथे अजून काही पोहोचलं नव्हतं. अजून. पण सांगायचं कसं? 'धोका' हा शब्द तिने वापरून वापरून गुळगुळीत केला होता. 'पळा' हासुद्धा. सायरन, शिट्टी, सगळं तिने चहासाठी खर्च करून टाकलं होतं.

दादा कपाळाला आठ्या घालून तिच्याकडे आला. "मॅडम, एका दिवसात दोन-दोन? मशीन आत्ता कुठे लागलंय. जरा कौतुक केलं की लगेच..."

"दादा," शिट्टी म्हणाली.

ती ओरडली नाही. आवाज जेमतेम त्याच्यापुरता होता.

"दादा, वर बघ ना."

त्याच्या तोंडातलं वाक्य तिथेच राहिलं. त्याने आधी तिच्याकडे बघितलं, मग छपरावरच्या बाहीकडे, मग समोरून येणाऱ्या पांढऱ्या लोटाकडे. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला शिट्टीने बघितला, आणि एवढ्या धांदलीतही तिला वाटलं, कळलं याला.

आता हा ओरडणार, ती मनात म्हणाली, आणि सगळे गल्लीत घुसणार.

दादा ओरडला नाही. त्याने हातातला कप टाकला आणि मावशींच्या हातातून किटली घेतली. डोक्याच्या वर उंच धरली.

"चला रे," तो रोजच्याच खणखणीत आवाजात म्हणाला, "चहा आज मागच्या आवारात. दुसरा कप पाहिजे त्याने माझ्या मागे या. भिंतीच्या कडेकडेने. रेंगाळेल त्याला मिळणार नाही."

आणि चालू लागला. झपाझप, पण पळत नाही.

लोक निघाले. कुरकुरत, कप सांभाळत, पण निघाले. शिट्टी मागे राहिली, एकेकाला भिंतीकडे लोटत. भिंतीलगतच्या पाण्याच्या पिंपात ओढणी बुडवून तिने नाकाला लावली. "तोंडावर ओले रुमाल धरा. अगं, हो, चहासाठीसुद्धा. धर." भिंगरीने वळून तिचे डोळे बघितले. तिने पदर भिजवला आणि पुढच्या बाईच्या पाठीत हात घालून तिला रेटत नेलं.

मावशी मात्र स्टोव्हपाशी. "अगं, पेटता कसा सोडू?"

"मावशी, चला."

"विझवते आणि आलेच."

पांढरा लोट टेबलापर्यंत आला. शिट्टीच्या घशात कोणीतरी मिरची कोंबल्यासारखं झालं, डोळ्यांतून घळघळ पाणी यायला लागलं. तिने हात लांब करून स्टोव्हची चावी फिरवली, मावशींचं मनगट पकडलं आणि त्यांना ओढत भिंतीकडे धावली. मागे वळून बघितलं, तर टेबल, कप, गेट, काही दिसत नव्हतं.

मागच्या आवारात हवा स्वच्छ होती. शिट्टी गुडघ्यांवर हात टेकून खोकत राहिली आणि खोकत खोकतच तिने माणसं मोजली. मग पुन्हा मोजली.

"काका," दादा म्हणाला. "काका आत आहेत. मीच पाठवलं त्यांना." आणि तो मशीनच्या खोलीकडे वळला.

शिट्टीने त्याचा शर्ट मुठीत पकडला. "आत जायचं नाही."

"सोड."

"दादा, मास्कशिवाय आत जायचं नाही. तू गेलास तर मला तुझ्या मागे यावं लागेल."

त्याने तिच्याकडे असं बघितलं की आता हा एक ठेवून देईल असं वाटलं. पण थांबला. सगळेच थांबले होते. कोणाच्याही हातात आता कप नव्हता.

फुरफुर हळूहळू बारीक झाली. मग थांबली. घरघरही थांबली. बऱ्याच वेळाने खोलीच्या मागच्या बाजूला, जिथे पाण्याचा हौद होता, तिथून कोणीतरी शिंकल्याचा आवाज आला. इंजिनकाका भिंत चाचपत आले. डोकं चिंब, डोळे टोमॅटोसारखे लाल, तोंडाला ओला पंचा.

"पाइपचा सांधा गेला," ते धापा टाकत म्हणाले. "सुरू केलं आणि गेला. लाल बटण दाबलं, व्हॉल्व्ह आवळला, मागच्या दाराने निघालो. मघाशी केलेलंच परत केलं. नाहीतर मला मेल्याला कुठे आठवणार होतं."

दादा मटकन खाली बसला. मशीन थांबवलं म्हणून सांधा गेला आणि थांबवायचा सराव होता म्हणून काका आले.

भिंगरीने ओल्या पदराने डोळे पुसले आणि तळहात पुढे केला. "फोरमन साहेब, दुसरा कप म्हणाला होतात."

दादाने किटली उलटी केली. एक थेंब पडला.

पुढच्या ड्रिलला चहाची जागा कोणालाच सांगितली नव्हती. सायरन वाजला. माणसं दारातून बाहेर आली, तिथेच थबकली आणि सगळ्यांनी माना वर केल्या. बाही मागच्या आवाराकडे फुगली होती. सगळे गेटकडे निघाले. मावशी तिथेच होत्या, किटली पदराआड लपवून.

दादा सगळ्यात शेवटी आला, इंजिनकाकांना पुढे घालून. त्याच्या कपाळावर घाम होता.

"ड्रिलच आहे ना?" त्याने हळूच विचारलं.

"ड्रिलच आहे, साहेब," शिट्टी म्हणाली.

'साहेब' ऐकलं आणि त्याने मोकळा श्वास सोडला.