घरात कुलूप कशाला

ज्या माणसाने आयुष्यभर शहरातली कुलपं दुरुस्त केली, त्याच्या स्वतःच्या घरात एकाही कपाटाला कुलूप नव्हतं. बाबांना त्याचा कोण अभिमान! आल्यागेल्याने चहाचा कप खाली ठेवायच्या आत त्याला ऐकावंच लागायचं, "कुलूप परक्यांसाठी. घरात कुलूप लावायचं म्हणजे घरच्यांना चोर म्हणायचं." पाहुणे माना डोलवायचे. त्यांचं काय जात होतं?

धंद्यात मात्र बाबांचे दोन नियम होते आणि ते त्यांनी कधी मोडले नाहीत. मालक समोर असल्याशिवाय कुलपाला हात लावायचा नाही. आणि गिऱ्हाईक तिजोरीला आपला आकडा लावत असेल, तेव्हा पाठ करून उभं राहायचं. लहानपणी लेक दुकानात बसायची, तेव्हा भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या बाबांना बघून तिला हसू फुटायचं. वर्गात शिक्षा झालेल्या मुलासारखे दिसायचे.

मोठेपणी तिने घरी कॉम्प्युटर आणला, बैठकीच्या खोलीत खिडकीशी मांडला आणि पासवर्ड घातला. झालं! बाबा बातम्या वाचायला बसले, पडद्यावरची रिकामी चौकट बघितली, चष्मा काढला आणि उठून आत गेले. "बापाला दाराबाहेर उभं केलंस," एवढंच म्हणाले आणि अबोला धरला. त्यांचा अबोला म्हणजे घरात कुणी आजारी असल्यासारखं वाटायचं. शेवटी तिनेच हात टेकले आणि पासवर्ड काढून टाकला.

कामावरच्या मैत्रिणीने तेव्हाच बजावलं होतं, "अगं, तुझी मेल त्यावर कायम उघडी असते. कुणीही बसेल आणि तुझ्या नावाने काय वाटेल ते लिहील."

"आमच्याकडे कोण बसणार? बाबा आणि मी. रविवारी आली तर वहिनी. ती काय परकी आहे?"

लेक दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. पोर्सेलिनचे दात घडवायचे, थरावर थर देऊन भट्टीत भाजायचे, आणि शेजारच्या खऱ्या दाताशी रंग असा जुळवायचा की ज्याचा दात त्यानेच आरशात फसावं. केस पांढरे व्हायला लागले, तरी ती तळघरातल्या त्याच बाकावर, त्याच ट्यूबलाइटखाली बसलेली. वाहवा मालकाची, मानदुखी हिची. अशात दूरच्या शहरातल्या एका मोठ्या लॅबने तिचं काम पाहिलं आणि बोलावणं धाडलं. पोर्सेलिनचा अख्खा विभाग तिने सांभाळायचा. उत्तरेकडच्या मोठ्या खिडक्या, हाताखाली माणसं. तिने आनंदाने होकार कळवला. त्या दिवशी तिला वाटलं, अखेर आपल्यालाही कुणीतरी बघितलं.

बाबांना वाऱ्यावर सोडायचा प्रश्नच नव्हता. दादा-वहिनी दोन गल्ल्या पलीकडे राहायचे, त्यांच्याकडे बाबांची सोय होणार होती. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "बघ बुवा तुझं," आणि कुंड्यांना पाणी घालायला गेले.

रुजू व्हायचं पत्र काही येईना. शेवटी तिने फोन लावला. तिकडच्या बाई गोंधळल्या. "तुम्हीच तर नाही म्हणून कळवलंत. घरच्या अडचणीमुळे जमत नाही, असं. आम्ही दुसरं माणूस घेतलं."

तिने पाठवलेल्या मेल उघडल्या. होतं. तिच्या पत्त्यावरून, खाली तिचं नाव. दोन-तीन ओळी, अगदी नम्र.

तिच्या डोक्यात एकच नाव आलं. बाबा दादाकडे राहायला गेले तर कुणाला जड जाणार होते? तिने वहिनीला फोन केला आणि तोंडाचा पट्टा सोडला. "दोन वेळचं जेवण घालावं लागेल म्हणून माझ्या पोटावर पाय दिलास? रविवारी येऊन बसतेस त्या कॉम्प्युटरवर, मला कळत नाही का?"

वहिनीला आधी काही उमगेना. मग ती रडायला लागली. "अहो वन्सं, मी त्यांच्यासाठी मागची खोली रंगवून घेतली. नवा पलंग आणला. आणि तुम्ही मला..." मग तिचा आवाज चढला. "आता आमच्या दारात पाऊल ठेवू नका," म्हणून तिने फोन आपटला.

"तिला कशाला बोल लावतेस?" मागून बाबा म्हणाले. "मी पाठवलं ते."

तिला खरंच वाटेना. "तुम्ही? माझ्या नावाने?"

"उघडं होतं. त्यांचं पत्र समोरच होतं, खाली उत्तराची जागा होती." बाबा दाराची चौकट धरून उभे होते. "मला नाही जायचं कुणाच्या मागच्या खोलीत. हे माझं घर आहे."

"मग मला सांगायचंत! भांडायचंत माझ्याशी!"

"सांगून थांबली असतीस?"

नसती थांबली.

"कुलूप असतं तर मी हात लावला नसता," बाबा म्हणाले, आणि वर मान ताठ करून! "मालकाला विचारल्याशिवाय आजवर एक कुलूप उघडलेलं नाही मी. तुला ठाऊक आहे."

ठाऊक होतं. म्हणून तर तिला वाटलं, समोरचा कप उचलून भिंतीवर फोडावा. ज्या पासवर्डमुळे हे सगळं टळलं असतं, तो ह्याच माणसाचा मान राखायला तिने स्वतःच्या हाताने काढला होता.

तिने परत फोन करून बाईंना खरं काय ते सांगितलं. लाज गिळून, बापाने केलं हेही सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "वाईट वाटतं हो. पण ते माणूस येऊन कामाला लागलंसुद्धा. आणि राग मानू नका, आमच्या पेशंटचे फोटो, माहिती तुमच्या मेलवर येणार. तुमचं स्वतःचं पत्रच जर सांभाळलं गेलं नाही..." बाईंचं चुकलं असतं तर तिला भांडता तरी आलं असतं.

त्या संध्याकाळी तिने पासवर्ड घातला. बाबांनी अबोला धरला नाही की रुसले नाहीत. चौकट बघितली, "लावलंस होय," म्हणाले आणि पुन्हा त्या खुर्चीत बसले नाहीत. बातम्या रेडिओवर ऐकायला लागले. शब्दाचा पक्का माणूस! वहिनीने फोन उचलणं बंद केलं ते केलंच. लेक तळघरातल्या बाकावर लोकांचे दात घडवत राहिली.

पुढे एकदा बाबा आपणहून जवळ आले. "डोळ्यांच्या डॉक्टरांनी तारीख कळवली असेल. बघतेस का जरा?"

ती कॉम्प्युटरसमोर बसली. पडद्यावर चौकट आली, तिने बोटं ठेवली, आणि बाबा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. हात मागे बांधून, थेट दुकानातल्यासारखे. या वेळी तिला हसू आलं नाही. त्या म्हाताऱ्या पाठीचा तिला इतका राग आला की पासवर्ड दोनदा चुकला.

"झालं का गं?" बाबांनी भिंतीलाच विचारलं. "वळू का?"