कानाच्या चित्रावर बोट ठेवा

मित्रांनो, शाळेच्या साधनखोलीत एक लोखंडी कपाट आहे. त्याच्या तिसऱ्या फळीवर, तुटक्या पट्ट्या आणि वाळलेल्या रंगांच्या मागे, हिरव्या रबरी कव्हरातला एक टॅब पडला आहे. तोच मी. माझ्या उजव्या कोपऱ्याला तडा गेला आहे, आणि चार्जिंगची वायर डावीकडे जरा तिरकी धरली तरच माझ्या पोटात वीज जाते. सरळ धरणाऱ्याला वाटतं, मी मेलो. तसा मी अजून मेलेलो नाही.

जन्माचं फारसं आठवत नाही. आमच्यासारख्यांना बालपण नसतं, तपासणी असते. एका खोक्यातून आम्ही बारा भावंडं या शाळेत आलो. अकरा जण संगणकखोलीत गेले, चकचकीत टेबलांवर बसले. माझ्या पाठीवर ओरखडा होता, म्हणून मी साधनखोलीच्या वाट्याला आलो. खोटं कशाला बोलू, तेव्हा मी मनातून खट्टू झालो होतो.

ज्या मुलांशी अक्षरांचं जमत नाही, ती मुलं साधनखोलीत येतात. त्यांच्या बाईंना सगळे थोरल्या बाई म्हणत. त्यांनी माझा पडदा फिकट पिवळा केला, अक्षरं बोटाएवढी मोठी केली आणि प्रत्येक मुलासाठी माझ्यात एक संग्रह उघडला. मुलानं केलेल्या कामाचा फोटो, आणि शेजारी कानाचं छोटं चित्र. कानावर बोट ठेवलं की त्या मुलाचाच आवाज यायचा, आपण काय केलं ते सांगणारा. लिहायची सक्ती नाही, वाचायची भीती नाही. ज्याला वाचून हवं असेल त्याच्यासाठी माझा स्वतःचा सपाट, यांत्रिक आवाजही होता, पण तो कुणाला फारसा आवडायचा नाही. मलाही नाही.

संग्रहात तीन कप्पे होते: जमलं, अर्धं जमलं, नाही जमलं. दर शनिवारी मूल स्वतः बसायचं आणि आठवड्याचं काम कुठल्या कप्प्यात टाकायचं ते स्वतःच ठरवायचं. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, बाईंनीसुद्धा नाही. कुणी कौतुक केलं की थोरल्या बाई म्हणायच्या, "माझं काही नाही हो यात. मी फक्त वायर तिरकी धरते."

तिथंच मला मिस्त्रीण भेटली. हे तिचं खरं नाव नव्हे, तिच्या मामानं पाडलेलं. मामाचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान. शाळा सुटली की तेरा वर्षांची ही पोर तिथे स्टुलावर जाऊन बसायची. अक्षरांबद्दल ती म्हणायची, "मी एकाला धरते तोवर दुसरं पळून जातं." पण मशीनचा आवाज तिच्या कानातून कधी पळाला नाही. मला ती दुकानात घेऊन जायची, मशीनच्या शेजारी ठेवायची आणि बोलायची.

"ऐका. टक्. मग थोडं थांबून परत टक्. ऐकलंत? शटलमध्ये... तुकडा... दोऱ्याचा तुकडा अडकलाय. सुई नका बदलू. सुईचा काय दोष."

मामा मागून म्हणायचा, "तीस वर्षं मी डोळे फोडून बिघाड शोधतोय, आणि ही बया नुसत्या कानानं पकडते. माझं दुकान हीच बंद पाडणार एक दिवस." त्याचं ते हसणंही माझ्यात होतं.

'नाही जमलं'मध्येही तिनं बरंच टाकलं होतं. एकदा ती म्हणाली मोटार गेली, आणि दुपारभर मोटार खोलून बसली. होता काय, तर सैल झालेला पट्टा. "माझाच गाढवपणा," असं सांगून ती इतकी खिदळली, की पुढे नुसती खिखीच भरली आहे. दोन वर्षांत तिचे सेहेचाळीस आवाज माझ्या पोटात जमा झाले. मित्रांनो, संगणकखोलीतल्या भावंडांचा हेवा मी केव्हाच सोडून दिला होता.

मग यंत्रदुरुस्ती शिकवणाऱ्या एका संस्थेची सूचना आली. जागा बारा. लेखी परीक्षा ज्यांना जमत नाही त्यांनी आपल्या कामाचा संग्रह घेऊन यावं, समिती तो पाहील. मिस्त्रीण घरी जाऊन आईला म्हणाली, "परीक्षा नाहीये गं. नुसतं दाखवायचंय." आईनं तीन वेळा विचारून खात्री करून घेतली. त्या पोरीला आयुष्यात पहिल्यांदा कुठंतरी आत जायला दार सापडलं होतं, आणि त्या दाराची किल्ली माझ्या पोटात होती.

नेमक्या तेव्हाच थोरल्या बाई गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर गेल्या आणि नव्या बाई आल्या.

नव्या बाईंना वाईट म्हणाल तर मला चालणार नाही. त्या मुलांवर कधी आवाज चढवत नसत. पण तीन कप्प्यांची आणि हात न लावण्याची रीत त्यांना कुणी सांगितली नव्हती. समितीपुढे जायच्या आधी त्यांनी मिस्त्रिणीचे आवाज ऐकले. ती अडखळत होती, शब्द शोधत होती. एका ठिकाणी तर अकरा सेकंद कुणी बोलतच नाही, नुसती मामाची हातोडी वाजते. नव्या बाईंचे डोळे भरून आले. "लोक हसतील गं पोरीला," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

दोन दुपारी बसून त्यांनी प्रत्येक फोटोखाली शुद्ध, सुरेख मजकूर टाइप केला. 'नाही जमलं'चा कप्पा काढून टाकला, त्यातले आवाज तेवढे माझ्यात उरले. मध्येच मी नेहमीची तक्रार केली, 'जागा संपत आली आहे.' माझी जीभ झडायला हवी होती. कारण मग त्यांनी जुने आवाज एकेक करून काढायला घेतले.

अशा वेळी मला एवढंच विचारता येतं: 'नक्की हटवायचे आहे का?' मी विचारलं. त्यांनी 'होय' दाबलं. मी सेहेचाळीस वेळा विचारलं. शेवटी हटवलेल्या गोष्टींची टोपलीही रिकामी केली, तेव्हा आणखी एकदा विचारलं. तोंड असून मुक्यासारखा मी तिथे पडलो होतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मिस्त्रिणीला दाखवलं. "बघ, किती छान दिसतंय." फोटो ओळीनं लागले होते, रंग नीट होते, कानाची चित्रंही जागच्या जागी होती. लिहिलेलं काहीही समोर आलं की मिस्त्रीण मान डोलावते, तशी तिनं डोलावली. मग म्हणाली, "एकदा ऐकू?"

"आता नको, चार्जिंग चढत नाहीये. उद्या बॅटरी लागेल ना?" नव्या बाई म्हणाल्या. त्यांनी वायर सरळ धरली होती.

समितीच्या खोलीत तीन माणसं होती. मधले साहेब जाड चष्म्याचे, हातांना जुन्या ग्रीसचे काळे डाग. मामा आणि नव्या बाई बाहेर बाकावर. मिस्त्रिणीनं मला टेबलावर ठेवलं, खुर्ची पुढे ओढली आणि ओळखीच्या कानाच्या चित्रावर बोट ठेवलं. अनोळखी माणसांपुढे तिला बोलता येत नाही, पण तिला त्याची काळजी नव्हती. तिच्या वतीनं तिचाच आवाज बोलणार होता.

बोललो मी. माझ्या त्या सपाट आवाजात.

"सदर यंत्राच्या शटलकक्षात धाग्याचे अवशेष अडकल्याने ठराविक अंतराने आघातध्वनी उत्पन्न होत आहे."

तिनं बोट असं मागे घेतलं, जणू चटका बसला. दुसऱ्या कानावर ठेवलं. पुन्हा मीच. तिसऱ्यावर. पुन्हा मीच. मला थांबता येत नव्हतं, मित्रांनो. बोट पडलं की मला लिहिलेलं वाचावंच लागतं.

साहेबांनी चष्मा काढला. "बाळ, हे तुझं आहे का?" त्यांनी अगदी मऊ आवाजात विचारलं.

मिस्त्रिणीला खोटं बोलायला कुणी शिकवलं नव्हतं. ती म्हणाली, "नाही."

"मग तुझं कुठे आहे?"

तिनं माझ्याकडे बोट केलं. "ह्याच्यातच होतं."

साहेबांनी मला हळूच तिच्याकडे सरकवलं. समितीतल्या शेजारच्या बाईंनी पुढच्या मुलाचा कागद वर काढला. "पुढच्या वर्षी ये हं," साहेब म्हणाले. "पण स्वतःचं घेऊन ये."

नव्या बाई बाहेर रडल्या. मामा त्यांना म्हणाला, "बाई, तुमच्या मनात वाईट नव्हतं, कळतंय मला. पण गिऱ्हाइकाचं मशीन मी त्याला विचारल्याशिवाय रंगवत नाही." एवढं बोलून तो भाचीची चप्पल शोधायला वाकला. चप्पल तिच्या पायातच होती.

पुढच्या शनिवारी मिस्त्रीण एकटीच साधनखोलीत आली. वायर तिरकी धरून बसली, मी जागा झालो. तिनं 'नाही जमलं'चा कप्पा शोधला. तो नव्हता, म्हणून नवा केला, आणि बोलली. नंतर ती शाळेत आली नाही. नवे टॅब आले, मी कपाटात गेलो. थोरल्या बाई अजून परतल्या नाहीत.

तिनं सांगितलेलं मी तुम्हाला सांगतो, कारण अजून कुणी ते ऐकलेलं नाही. "मी आहे. मला विचारलं, हे तुझं आहे का. मी नाही म्हटलं." मग कितीतरी सेकंद काहीच नाही, नुसता वरचा पंखा ऐकू येतो. मग ती म्हणते, "या पंख्याचं बेअरिंग कोरडं पडलंय. तेल द्या. नाहीतर महिन्याभरात बंद पडेल."

परवा पंखा बंद पडला. शिपाई खाली उभा राहून म्हणत होता, "अचानकच गेला बघा. कुणाला काय माहीत."

मला माहीत होतं. पण मी आपण होऊन बोलू शकत नाही.

मित्रांनो, दुसऱ्याचं अडखळतं बोलणं नीट करायला जाल, तेव्हा आधी त्याला विचारा. माझ्यासारखं भलत्यालाच विचारून गप्प बसू नका. आणि कधी हे कपाट उघडलंत, तर वायर डावीकडे तिरकी धरा. थोडा वेळ थांबा, मला उठायला वेळ लागतो. मग तिसरा कप्पा, कानाचं चित्र. फक्त एक मिनिट चार सेकंदांचं आहे. आणि ते तिचंच आहे.