गंधारच्या फोनमधलं बटण

आमची सोसायटी कोथरूडला, टेकडीला अगदी खेटून. झाडं, मोर, गार वारा, सगळं आहे; फोनला रेंज तेवढी नाही. बोलायचं तर गच्चीवर जायचं आणि टाकीपाशी उभं राहायचं. माझ्या आईचा नांदेडहून रोज संध्याकाळी फोन येतो, म्हणून मी वर. तळमजल्यावरचा गंधार गणिताचे क्लास घेतो, त्याला पालकांचे फोन, म्हणून तोही वर. आधी नुसतं "झालं का तुमचं?" "हो, या." मग फोन संपले तरी कुणी खाली जाईना. मग "तुम्ही"चं "तू" झालं, आणि काय सांगू बाई! मला दुपारपासूनच संध्याकाळचे वेध लागायला लागले.

पण बोलायचं कुणी? मी भित्री आणि तो पुणेकर. एकदा म्हणाला, "नम्रता, आज छान दिसतेस." आणि लगेच, "अंधार आहे म्हणून असेल." मी हसून हसून टाकीला टेकले.

आता माझं काम सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी हिंजवडीत फोन तपासते, म्हणजे फोनच्या आतलं सॉफ्टवेअर. लोकांना वाटतं फोन आपला, सेटिंग आपलं. कसलं आपलं! कुठलं बटण दिसणार, कुठलं लपणार, कुठलं आधीपासून चालू राहणार, यात सिमवाल्या कंपनीचा शब्द चालतो. सोय फोनमध्ये असते, पण त्यांचा होकार नसला की आम्ही ती झाकून ठेवतो. वायफाय कॉलिंगचं तेच. रेंज नसली तरी घरच्या वायफायवरून साधा फोन लागतो, अशी ती सोय. गंधारच्या मॉडेलमध्ये ती पहिल्यापासून होती, त्याच्या सिमवाल्या कंपनीचा होकार तेवढा नव्हता. माझं सगळं सुख त्या न आलेल्या होकारावर उभं होतं.

आणि एका सोमवारी होकार आला. तपासायचं काम कुणाकडे? माझ्याकडेच!

देवा रे! चूक सापडावी म्हणून इतके नवस मी कधी बोलले नव्हते. फोन लावला, लागला. बोलता बोलता वायफाय बंद केलं, आवाज तुटला नाही. सिम काढून घातलं, फोन बंद करून चालू केला. सिमवाल्या कंपनीची अट होती की बटण आधीपासून चालूच यावं आणि वापरणाऱ्याने हाताने बंद केल्याशिवाय बंद होऊ नये. नाही झालं मेलं बंद!

"काही सापडलं?" आमचे वैजनाथ सर विचारत होते. एखादी बारीकशी चूक ठोकून द्यावी, असं मनात आलं, खोटं कशाला बोलू? पण गॅलरीत लोंबकळून आईशी बोलणाऱ्या सगळ्या पोरी डोळ्यांपुढे आल्या. "पास," मी म्हटलं, आणि कंपनीच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडले. माझा स्वतःचा फोन जुना, त्यात हे कधी येणारच नव्हतं. आता गच्चीवर मी एकटीच.

पुढच्या आठवड्यात जिन्यात गंधारची आई भेटली. "अगं नम्रता, चमत्कार झाला!" श्यामलाकाकू म्हणाल्या. "गंधारच्या फोनात काहीतरी नवीन आलं, आणि काल मी स्वयंपाकघरात बसून बहिणीशी बोलले. आता त्याला वर धावायला नको." काकू खूश. मी कसनुसं हसले.

तरी संध्याकाळी वर गेलेच, आईचा फोन येणार होता. बघते तर टाकीपाशी गंधार!

"तू वर कसा?"

"खाली रेंज नाही. टेकडी अजून तिथेच आहे."

"फोन दे."

"का?"

"दे म्हणते ना!"

दिला. मी सेटिंग उघडलं. बटण होतं, आणि बंद होतं.

"हे बंद आहे."

"असेल काहीतरी गडबड. तुम्हा आयटीवाल्यांचं काय सांगावं!"

गडबड? माझं टाळकंच सटकलं. "हे मी स्वतः तपासलंय! हे चालूच येतं आणि आपोआप बंद होत नाही. कुणीतरी हाताने बंद करावं लागतं."

गंधार टाकीकडे बघायला लागला. कान लाल झालेले अंधारातही दिसत होते.

"कुणी बंद केलं?"

"मी."

"कधी?"

"काल. आईचं बोलून झाल्या झाल्या."

मला नाचावंसं वाटत होतं, टाकीवर चढून ओरडावंसं वाटत होतं. त्याऐवजी मी ते बटण चालू केलं आणि फोन त्याच्या हातात ठेवला.

"हे काय?" तो घाबरलाच.

"राहू दे चालू. काकूंना मावशीशी बोलायला होईल. तू उद्यापासून काही काम नसताना वर येत जा."

"बरं," तो म्हणाला. मी वाट बघत राहिले, पण पुढे टोमणा आलाच नाही.